नवी आवृत्ती कधी घ्यायची, हे कोणी ठरवायचं?

तंत्रनिकेतनातल्या मुलांना फ्रीकॅड हे खुलं त्रिमिती सॉफ्टवेअर शिकवावं असा विषय निघाला की विरोधाचे मुद्दे ठरलेले असतात. ते यंत्रावर बसवताना कटकट होते. दर आवृत्तीत काहीतरी हलतं आणि जुन्या फायली मोडतात. उघडलं तरी माउस ऐकत नाही, भाग फिरवायला जावं तर तो सरकतो. आणि या तिन्हींवर चौथा: कंपन्यांत जे चालतं तेच शिकवा, पोरांच्या नोकरीशी खेळू नका. असं बोलणारी माणसं अनुभवी आहेत. त्यांतल्या कित्येकांनी ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर धरून सुरुवात केली, मग ऑटोकॅड आत्मसात केलं, मग सॉलिडवर्क्स. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणूनच तो तपासायला हवा. मी तपासला आणि तो मला पटत नाही. यातले पहिले दोन आक्षेप तर अशा जागी बोट ठेवतात जिथे फ्रीकॅडची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

बसवण्याची गोष्ट लवकर संपते. विंडोजवर एक इन्स्टॉलर आहे. तो चालवताना खातं उघडावं लागत नाही, सीरियल नंबर लागत नाही, इंटरनेटवरून परवाना तपासला जात नाही. इन्स्टॉलर नको असेल तर दाबून बांधलेली फाइल उतरवायची, एखाद्या फोल्डरमध्ये सोडायची आणि तिथूनच चालवायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकाच माणसाकडे असतो आणि तो माणूस नेमका त्या दिवशी रजेवर असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या सोयीची किंमत कळेल. लिनक्सवर ॲपइमेज नावाची एकच फाइल येते, तिला चालवण्याची परवानगी दिली की झालं. अडचणी येतात, नाही म्हणत नाही. उबुंटूसारख्या प्रणालीच्या भांडारात बहुतेक वेळा मागची आवृत्ती पडून असते, आणि नवशिका तीच बसवून ‘हे जुनाट आहे’ असा निकाल देतो. जुन्या संगणकात ग्राफिक्सचा ड्रायव्हर कालबाह्य असेल तर त्रिमितीची खिडकी कोरी राहते. पण ड्रायव्हरचं हे दुखणं कोणत्याही त्रिमिती सॉफ्टवेअरला होतं, आणि त्यावरचा इलाजही सगळीकडे सारखाच आहे.

या आक्षेपात एक गोष्ट मात्र बोलली जात नाही, आणि ती न बोलता पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. छोट्या गाळ्यांमध्ये तुलना विकतच्या सॉफ्टवेअरशी नसतेच. ती क्रॅकशी असते. चार यंत्रांच्या जॉबवर्कवाल्याकडे, गल्लीतल्या डिझाइन सेंटरमध्ये, कधी कधी शिकवणीच्या क्लासातही संगणकावर चोरीची प्रत असते. ती बसवताना अँटिव्हायरस बंद करावा लागतो, नेटची वायर काढून ठेवावी लागते, मग कुणीतरी दिलेली अनोळखी फाइल चालवावी लागते. ग्राहकाची ड्रॉइंग ज्या संगणकावर आहेत, त्याच संगणकावर हे सगळं चालतं. याला ‘सोपं इन्स्टॉलेशन’ म्हणायचं आणि फ्रीकॅडला किचकट ठरवायचं, ही तुलना न्यायाची नाही. कायद्याचंही सांगायला हवं. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब प्रमाणे चोरीची संगणक-प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. डिप्लोमा हातात घेऊन पहिल्या नोकरीवर आलेल्या मुलाला आपण या प्रतीसमोर बसवतो, आणि तो निमूट बसतो, कारण त्याला दुसरं काही शिकवलेलंच नसतं.

आता आवृत्त्यांकडे येतो. खरं भांडण इथे आहे.

फ्रीकॅडची पहिली आवृत्ती 2002 मध्ये आली आणि 1.0 आली नोव्हेंबर 2024 मध्ये. विरोधक हा आकडा पुढे करतात: एक पूर्णांक गाठायला 22 वर्षं लागतात, असल्या सॉफ्टवेअरवर भरवसा कसा ठेवायचा? इतकी वर्षं का लागली ते पाहू. एका दोषाने या सॉफ्टवेअरचं खरंच मोठं नुकसान केलं होतं. समजा, पंपासाठी एक ब्रॅकेट काढला. स्केच केलं, जाडी दिली, वर भोकं पाडली, मग एका कडेला 3 मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे गोलाई, दिला. सॉफ्टवेअर त्या कडेला ‘कड 7’ असं नाव देऊन लक्षात ठेवतं. चार दिवसांनी ग्राहक सांगतो, बाजूला एक खाच हवी. तुम्ही मुळातलं स्केच उघडून खाच घातली की आकारातल्या कडा नव्याने मोजल्या जातात, आणि काल जी सातवी होती ती आज नववी होते. फिलेट मात्र सातवीलाच चिकटून बसतो. तो भलत्याच कडेवर उडी मारतो किंवा सगळं मॉडेल लाल होऊन मोडतं. रिव्हिजन हा ज्या धंद्याचा रोजचा श्वास आहे, तिथे हा दोष जीवघेणा होता. 0.19 किंवा 0.20 वापरून ज्यांनी हात पोळून घेतले, त्यांची चीड मला पूर्ण समजते.

या दोषावरचा उपाय रिअलथंडर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विकासकाने स्वतःच्या वेगळ्या प्रतीत घडवला होता. तो मुख्य प्रकल्पात मिसळायला वर्षं गेली, कारण तो वरवर चिकटवण्यासारखा नव्हता. आकाराच्या प्रत्येक तुकड्याची वंशावळ सांभाळण्याची पद्धतच बदलायची होती. प्रकल्पाच्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं की हा दोष आटोक्यात येत नाही आणि भाग जोडण्याचं असेम्ब्लीचं काम मुळातच आत येत नाही, तोवर 1.0 म्हणायचं नाही. म्हणून 2019 मध्ये 0.18, 2021 मध्ये 0.19, 2022 मध्ये 0.20, 2023 मध्ये 0.21 असे आकडे निघत राहिले. विक्रीसाठी आकडा फुगवण्याचा मोह ज्यांना नाही, असे लोक मला तरी जास्त विश्वासाचे वाटतात. दोष समूळ गेला असंही मी म्हणणार नाही. फिलेट आणि चॅम्फर शेवटी घालावेत, नवीन स्केच तयार पृष्ठावर टेकवण्यापेक्षा मूळ प्रतलांवर किंवा संदर्भ-प्रतलावर बसवावं, ही शिस्त आजही पाळावी. पण ती शिस्त सॉलिडवर्क्सचा चांगला शिक्षकही शिकवतो.

आता उरतो ‘दर आवृत्तीत काहीतरी हलतं’ हा मुद्दा. हो, हलतं. 1.0 मध्ये मशीनिंगसाठीच्या ‘पाथ’ विभागाचं नाव ‘कॅम’ झालं. वास्तुरचनेचा ‘आर्च’ विभाग ‘बिम’मध्ये गेला. आधी लोक असेम्ब्लीसाठी बाहेरून जोडलेले निरनिराळे विभाग वापरत. त्यांत केलेली जुनी जोडणी नव्या अंगभूत विभागात आपोआप येत नाही. ज्याने त्यांतल्याच असेम्ब्ली 4 मध्ये अख्खं फिक्श्चर उभारलं होतं, त्याला हे जाचणारच.

पण मग त्याने काय करायचं? त्याने काही करायची गरज नाही, माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. जुनी आवृत्ती त्याच्या संगणकावर आहे. ती उद्या चालेल, परवाही चालेल. तिला कुणी लांबून बंद करू शकत नाही, तिची मुदत संपत नाही. नवी आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये सोडून दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात. चालू जॉब जुन्यात पुरा करावा, नवा जॉब नव्यात सुरू करावा. काळजी एवढीच घ्यायची की नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेली फाइल जुनीत नीट उघडेल याची खात्री नसते, म्हणून आधी प्रत काढून ठेवायची. आणि सेटिंगची फाइलही बाजूला ठेवायची, कारण दोन आवृत्त्या ती वाटून घेऊ शकतात. इतकी सावधगिरी कोणताही टूलरूमचा माणूस आपल्या ड्रॉइंगच्या बाबतीत एरवीही बाळगतो.

उलट बाजूला काय आहे ते बघा. 31 जानेवारी 2016 नंतर ऑटोडेस्कने ऑटोकॅडसारख्या सुट्या उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने नव्याने विकणं बंद केलं. त्यानंतरच्या ग्राहकाला भाडं भरावं लागतं, आणि भाडं थांबलं की सॉफ्टवेअर थांबतं. त्याच कंपनीचं फ्यूजन 360 वैयक्तिक वापरासाठी फुकट होतं आणि त्यावर हौशी लोकांनी, छोट्या कार्यशाळांनी आपलं काम उभं केलं होतं. सप्टेंबर 2020 मध्ये घोषणा झाली की एका वेळी फक्त 10 फायली संपादनासाठी खुल्या राहतील. त्या घोषणेत स्टेप स्वरूपात फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती. स्टेप म्हणजे आयएसओ 10303 हे मानक, ज्याच्या जोरावर एका सॉफ्टवेअरमधला भाग दुसऱ्यात नेता येतो. वापरकर्त्यांनी आरडाओरडा केल्यावर ती सोय तेवढी वाचली. कंपनीला आपली अट बदलण्याचा हक्क होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या विरोधकांच्या मोजमापाबद्दल. फ्रीकॅडमध्ये एका विभागाचं नाव बदललं तर ते अस्थिर ठरतं, आणि थोड्या दिवसांच्या सूचनेवर दुसरीकडे कामाची कवाडं अर्धी लागली तर त्याला व्यवसायाची रीत म्हणतात.

सॉलिडवर्क्सचंही असंच. नव्या वर्षाच्या आवृत्तीत जतन केलेली फाइल मागच्या वर्षीच्या आवृत्तीत उघडत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. 2024 च्या आवृत्तीपासून दोन आवृत्त्या मागे जतन करण्याची सोय आली, ती आली हे चांगलंच झालं. पण त्याआधी कित्येक वर्षं मोठ्या ग्राहकाने आवृत्ती बदलली की त्याच्या पुरवठादारांनाही बदलावी लागे. चाकणमधल्या मोठ्या कंपनीने उडी मारली की भोसरीतल्या छोट्या गाळ्याने खिसा चाचपायचा, हा क्रम ज्यांनी भोगलाय त्यांनी तरी फ्रीकॅडच्या आवृत्त्यांवर हसू नये.

फाइलचाच विषय निघालाय तर विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी एक गोष्ट सांगतो. फ्रीकॅडची फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप आहे. तिच्या नावाचा शेवट बदलून ती उघडली की आत ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल मिळते, आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. स्केचमधल्या रेषा, त्यांच्यावरच्या अटी, जाडीचा आकडा, सगळं तिथे मजकुराच्या रूपात लिहिलेलं दिसतं. शेजारी प्रत्यक्ष आकाराच्या वेगळ्या फायली असतात. उद्या हा प्रकल्प बंद पडला असं धरून चाललं तरी ड्रॉइंग काढणाऱ्याचं काम त्याच्याच हातात उरतं. ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी या फाइल-स्वरूपाच्या बाबतीत ही मुभा नाही. ते स्वरूप ऑटोडेस्कने खुलं केलेलं नाही. इतरांनी ते आतून उलगडून वाचायला शिकावं लागलं आणि त्यासाठी 1998 मध्ये कंपन्यांना एक वेगळी संघटना उभी करावी लागली. फ्रीकॅडला डीडब्ल्यूजी वाचायला आजही बाहेरचं रूपांतर-साधन जोडावं लागतं. हा फ्रीकॅडचा दोष म्हणून सांगितला जातो, तेव्हा कुलूप कुणी लावलं हेही सांगितलं जावं.

माउसच्या आक्षेपाबद्दल मला थोडं कठोर बोलावं लागेल, कारण तो आक्षेप सवयीचा आहे आणि त्याला तांत्रिक मुद्द्याचं रूप दिलं जातं. ऑटोकॅडमध्ये मधलं बटण धरून चित्र सरकवतात आणि शिफ्टसह धरून फिरवतात. सॉलिडवर्क्समध्ये तेच मधलं बटण धरलं की भाग फिरतो, कंट्रोलसह धरलं की सरकतो. ऑटोकॅडमध्ये चाक पुढे ढकललं की चित्र जवळ येतं, सॉलिडवर्क्समध्ये मूळ सेटिंगवर ते लांब जातं. म्हणजे ज्या दोन सॉफ्टवेअरना आपण ‘उद्योगाचं मानक’ म्हणतो, त्यांचंच एकमेकांशी जमत नाही. फ्रीकॅडची मूळ पद्धत अशी आहे की मधलं बटण धरून सरकवायचं आणि ते धरलेलं असतानाच डावं किंवा उजवं दाबून फिरवायचं. कॅटियावर बसलेला माणूस हे लगेच ओळखेल, त्याच्याकडेही मधल्या बटणाबरोबर दुसरं बटण दाबूनच भाग फिरतो. विमानं आणि मोटारी ज्यात घडतात त्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत चालते, मग इथेच ती ‘उलटी’ कशी?

आणि ती बदलता येते. 1.0 पहिल्यांदा उघडलं की ते स्वतःच विचारतं: भाषा कोणती, मोजमापाची एककं कोणती, माउसची पद्धत कोणती. नंतर बदलायची तर खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात चालू पद्धतीचं नाव दिसतं, तिथे क्लिक करून दुसरी निवडायची. ब्लेंडर पद्धत घेतली की मधलं बटण फिरवतं, रेव्हिट पद्धत घेतली की शिफ्टसह मधलं बटण फिरवतं. ज्याच्याकडे लॅपटॉपचा टचपॅडच आहे, त्याच्यासाठीही वेगळी पद्धत आहे. चाकाची दिशा उलटवण्याचं सेटिंग आहे. 1 दाबलं की समोरचं दृश्य, 2 वरचं, 3 उजवीकडचं, 0 दाबलं की आयसोमेट्रिक. व्ही आणि लगेच एफ दाबलं की हरवलेला भाग पडद्यावर परत मावतो. पहिल्या तासिकेला शिक्षकाने एवढं सांगितलं तर पुढे कुणी माउसबद्दल कुरकुर करणार नाही. न सांगता मुलाला समोर बसवलं आणि तो गोंधळला, तर ते अपयश शिकवण्याचं आहे.

विभाग बदलत राहावं लागतं हे मात्र खरं जड जातं. पार्ट, पार्ट डिझाइन, स्केचर, ड्राफ्ट, टेकड्रॉ असे वेगळे कक्ष आहेत आणि कुठलं काम कुठे करायचं हे नवशिक्याला पहिले काही दिवस कळत नाही. पार्ट आणि पार्ट डिझाइन या दोन कक्षांची नावं इतकी जवळची आहेत की त्यात घोटाळा होणारच. यात सुधारणा व्हायला हवी, आणि ती मागणाऱ्यांत मीही आहे. फार मोठ्या असेम्ब्ली, हजारो भागांच्या, फ्रीकॅड आज सहज पेलत नाही. मोटारीच्या बाह्यांगासारखे वळणदार पृष्ठभाग घडवायलाही ते तोकडं आहे. ज्या मुलाला थेट मोटार कंपनीच्या डिझाइन विभागात जायचंय, त्याने कॅटिया किंवा एनएक्स शिकलंच पाहिजे. याबाबत माझा आणि विरोधकांचा वाद नाही.

पण डिप्लोमा झालेली सगळी मुलं तिथे जात नाहीत. कितीतरी मुलं कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये, अंबड-सातपूरच्या टूलरूममध्ये, इचलकरंजीच्या यंत्रदुरुस्तीच्या गाळ्यात जातात. तिथे रोजचं काम असतं फ्लँज, ब्रॅकेट, जिग, तुटलेल्या गिअरकेसचं झाकण मोजून पुन्हा काढणं. हे काम फ्रीकॅड आज व्यवस्थित करतं. आणि मुलगा सॉलिडवर्क्सच्या मुलाखतीला बसला तरी त्याच्या कामाला येणारी गोष्ट वेगळीच असते. स्केच पूर्ण बांधलं आहे की हलतं आहे हे ओळखणं, कुठलं माप मुख्य आणि कुठलं त्यातून निघणारं हे ठरवणं, संदर्भ-पृष्ठ आधी पकडणं, पुढे बदल येणार हे धरून मॉडेलची बांधणी करणं, हे ज्याला येतं तो दुसऱ्या सॉफ्टवेअरची बटणं लवकर शोधतो. ज्याला फक्त बटणांच्या जागा पाठ आहेत, त्याचं शिक्षण रिबन बदलली की संपतं. काही कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट परवाना देतात, तो वर्षाचा असतो आणि विद्यार्थी असेपर्यंत वाढवून मिळतो. शिक्षण संपलं की तो संपतो, आणि सरावाची खरी गरज त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत असते. नोकरी शोधत घरी बसलेल्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर काय चालावं, याचं उत्तर ‘कंपन्यांत चालतं तेच शिकवा’ म्हणणाऱ्यांनी द्यायला हवं.

शेवटचा प्रश्न हमखास येतो: अडलं तर फोन कुणाला करायचा? प्रश्न योग्य आहे. फ्रीकॅडमागे विक्री-प्रतिनिधी नाही. 2021 पासून बेल्जियममध्ये नोंदलेली एक ना-नफा संस्था त्याचं काम पाहते, आणि त्याभोवती कंपनी उभी करण्याचा प्रयत्न करणारी ऑन्सेल ही संस्था 2024 मध्ये बंद पडली. पण ऑन्सेलने असेम्ब्लीसाठी लिहिलेलं गणनयंत्र खुलं होतं, म्हणून कंपनी गेली तरी ते 1.0 मध्ये आहे आणि चालतं आहे. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत फॉसी प्रकल्प आहे. त्यांचं ऑस्डॅग हे पोलादी सांध्यांच्या रचनेचं सॉफ्टवेअर आयएस 800:2007 प्रमाणे हिशेब करतं आणि ज्या ओपन कॅस्केड गाभ्यावर फ्रीकॅड उभं आहे, त्याच गाभ्यावर आपली त्रिमिती चित्रं काढतं. त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने कितीतरी खुल्या सॉफ्टवेअरचे पाठ मराठी आवाजात तयार केले आहेत. म्हणजे जाणकार माणसं आणि पाठ बनवण्याची रीत, दोन्ही आपल्या राज्यात आहेत. कमी आहे ती प्रत्येक तंत्रनिकेतनात एका शिक्षकाला सत्राच्या सुरुवातीला आठवडाभर मोकळं ठेवून, एकच आवृत्ती ठरवून, सगळ्या यंत्रांवर ती बसवून घेण्याची आणि ते सत्र संपेपर्यंत तिला हात न लावण्याची तयारी. तंत्रशिक्षण मंडळाने अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचं नाव न घालता मुलाला काय काढता आलं पाहिजे एवढंच लिहावं, आणि परीक्षेत स्टेप व पीडीएफ या स्वरूपातलं काम स्वीकारावं. एवढं केलं तर कुठल्या कॉलेजाने काय वापरायचं, हे त्या कॉलेजाला स्वतः ठरवता येईल.